शिक्काच पाठवून बसलो! एसएसएच-कीजेनची कोणती फाईल द्यायची असते?

मिरजेचा छापखाना

नमस्कार मंडळी. मिरजेत माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, लेटरहेड, बिलबुकं, रबरी शिक्के. सव्वीस वर्षं झाली. कोरलमध्ये माझा हात कुणी धरणार नाही, पण काळ्या खिडकीत टाइप करायचं म्हटलं की घाम फुटतो. वय अठ्ठावन्न, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात एक हार्ड डिस्क बसली आणि तिच्याबरोबर चार वर्षांच्या पत्रिका गेल्या. गिऱ्हाईक धाकट्याच्या लग्नाला येतं आणि म्हणतं, "थोरल्याची केली होती तशीच करा, नावं तेवढी बदला." काय तोंड दाखवणार? म्हणून महिन्याच्या भाड्यानं एक सर्व्हर घेतला. रोज रात्री फायली आपोआप तिकडं जाव्यात, एवढंच मागणं. तिथला पोरगा म्हणाला, आम्ही पासवर्डवर आत घेत नाही, 'की' म्हणजे किल्ली बनवा आणि त्यातली पब्लिक की पाठवा. सोबत एक शब्द पाठवला: एसएसएच-कीजेन. एसएसएच म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित शिरायचा रस्ता, कीजेन म्हणजे त्याची किल्ली बनवणारं. हा टाइप करून एंटर मारा म्हणाला.

मारला. फाईल कुठं ठेवू विचारलं, एंटर. पासफ्रेज विचारला, तो टाइप करतोय तर पडद्यावर काहीच उमटेना. कीबोर्ड गेला वाटून दुसरा लावला. तरी उमटेना. वैतागून नुसतंच एंटर, परत एंटर. मग खाली एक चौकट आली, तिच्यात ठिपके, अधिकची चिन्हं, बरोबरची चिन्हं इकडंतिकडं सांडलेली. आमच्या सौ. मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, रांगोळीचे ठिपके चुकलेत.

फोल्डरमध्ये दोन फायली सापडल्या. एक आयडी_आरएसए. दुसरीचं नाव तेच, पण प्रकाराच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट पब्लिशर डॉक्युमेंट'. उघडायला गेलो तर खरंच पब्लिशर सुरू झाला आणि ही फाईल वाचता येत नाही म्हणाला. मला वाटलं, ऑफिसनं स्वतःचं काहीतरी टाकलंय तिथं. पहिली नोटपॅडमध्ये उघडली. वर 'ओपनएसएसएच प्रायव्हेट की' असं काहीतरी, खाली पस्तीस-चाळीस ओळी अक्षरांचा नुसता खच. म्हटलं हीच असणार. प्रायव्हेट म्हणजे माझी खासगी, आणि माझीच तर द्यायची आहे. त्यांच्या सपोर्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सहा जण आहेत त्यात. दोन मिनिटांत उत्तर आलं: "सर, ही प्रायव्हेट आहे, डिलीट करा." मी लगेच सगळ्यांसाठी डिलीट केली.

आता दोन शंका. डिलीट केली म्हणजे भागलं ना? का त्याच फाईलला आता पासफ्रेज लावू?

दुसरी शंका जास्त छळतेय. ना फोन नंबर, ना ओटीपी, ना कुठं नोंदणी. दोन सेकंदांत किल्ली तयार. मग शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं हाच शब्द टाइप केला तर त्याला माझीच किल्ली मिळणार नाही कशावरून? बाजारातल्या स्वस्त कुलपांच्या खोक्यात दोन कुलपांना एकच किल्ली लागताना मी या डोळ्यांनी बघितलंय.

टर्मिनलताई

काका, आधी हसून घेते, रागावू नका. दुसऱ्या फाईलच्या नावाला शेवटी 'पब' लागलेलं असतं, ते पब म्हणजे पब्लिक, पब्लिशर नव्हे. विंडोजला तेवढंच शेपूट दिसतं आणि ते ऑफिसच्या हवाली करतं. यात फसलेले तुम्ही पहिले नाही. मी ठाण्यात वीस वर्षं सर्व्हर सांभाळतेय, दरवर्षी एक तरी जण "पब्लिशरची फाईल उघडत नाही" म्हणून फोन करतो.

ती किल्ली आता बाद धरा. डिलीट केल्यानं तुमच्या फोनवरून गेली, पण त्या दोन मिनिटांत कुणी उतरवून घेतली असेल, कुणाच्या कॉम्प्युटरवर ग्रुप उघडा असेल, ते तुम्हाला कळायचं नाही. पासफ्रेजही आता लावून उपयोग नाही. पासफ्रेज म्हणजे त्या एका फाईलभोवतीचा डबा. बाहेर गेलेली प्रत उघडीच गेली, तिला डबा नाही. नशीब एवढंच की तिची जोडीदार पब्लिक की अजून सर्व्हरवर चढलेली नाही. तेव्हा नुकसान शून्य, नवी बनवा.

आता तुमच्याच धंद्यातलं सांगते. बँकेत संस्थेचं खातं उघडताना शिक्क्याचा नमुना ठसा देतात ना? पब्लिक की म्हणजे तो नमुना ठसा. प्रायव्हेट की म्हणजे लाकडी मुठीचा शिक्का. सर्व्हर दर वेळी एक नवाकोरा कागद पुढं करतो, "यावर मार" म्हणतो, आणि नमुन्याशी ताडून बघतो. शिक्का दुकानाबाहेर जातच नाही. तुम्ही ठसा द्यायच्या ऐवजी शिक्काच सहा जणांत फिरवलात.

नवी बनवायची कमांड (प्रवासात आहे, मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे, उच्चाराप्रमाणे लिहिते. तुम्ही इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं): एसएसएच-कीजेन, मोकळी जागा, डॅश टी, मोकळी जागा, ईडी२५५१९. ईडी२५५१९ आणि आरएसए हे किल्लीचे दोन प्रकार. तुम्हाला आरएसए मिळाली म्हणजे तुमच्या विंडोजमधलं ओपनएसएसएच (कीजेन ज्यात येतं ते सॉफ्टवेअर) जुनं आहे. ऑक्टोबर २०२३ च्या ९.५ आवृत्तीपासून काही न सांगता ईडी२५५१९ च मिळते. नाव चमत्कारिक आहे, पण त्यातला आकडा म्हणजे २ चा २५५ वा घात वजा १९, ती एक मूळ संख्या आहे आणि सगळं गणित तिच्यावर चालतं. आरएसए वाईट नाही, ही सुटसुटीत. पब्लिक फाईल एका ओळीची: आधी प्रकाराचं नाव, मग ६८ अक्षरं, मग तुमचं आणि कॉम्प्युटरचं नाव. ती ओळ बिनधास्त व्हॉट्सॲपवर टाका, हवं तर दुकानाच्या पाटीवर छापा.

पासफ्रेज टाइप करताना काही उमटत नाही ते मुद्दाम. किती अक्षरं आहेत तेही मागच्याला दिसू नये म्हणून. तो दोनदा विचारतात, जुळला नाही तर परत विचारतात. तो सर्व्हरला कधी जात नाही, त्यामुळे विसरलात तर "फरगॉट पासवर्ड" वगैरे काही नाही. आणि कधी "ओव्हरराइट?" (जुनी किल्ली पुसून तिथंच नवी लिहू का?) असं विचारलं तर वाय दाबायच्या आधी चहा पिऊन या.

सांडलेली रांगोळी म्हणजे किल्लीच्या फिंगरप्रिंटचं, म्हणजे पब्लिक कीवरून काढलेल्या छोट्या ओळखखुणेचं चित्र. अक्षरांची लांब माळ बदलली तर डोळ्याला कळत नाही, चित्र बदललं तर कळतं. त्यात एस जिथं दिसतो तिथून चित्र काढायला सुरुवात, ई जिथं दिसतो तिथं शेवट.

झेरॉक्सवाल्याचं उत्तर उद्या देते, स्टेशन आलं.

मिरजेचा छापखाना

ताई, शिक्क्याचं पटलं. पण एक मुद्दा राहतोय. ठशावरून शिक्का तर मी रोज बनवतो! संस्थेचा जुना शिक्का झिजला की लोक कागदावरचा ठसा घेऊन येतात. स्कॅन करायचा, कोरलमध्ये कडा साफ करायच्या, निगेटिव्ह काढायची, पॉलिमरवर उजेड द्यायचा, ब्रशनं धुवायचं. अर्ध्या तासात हुबेहूब. (संस्थेचं पत्र असल्याशिवाय करत नाही, हेही सांगून ठेवतो.) मग नमुना ठसा उघड्यावर ठेवला तर माझ्यासारखा कुणीतरी शिक्का करणारच की.

टर्मिनलताई

काका, शंभर नंबरी प्रश्न. सगळी मेख तिथंच आहे. हा असा शिक्का आहे की ज्याच्या ठशावरून शिक्का करता येत नाही.

तुमच्या जुन्या आरएसए किल्लीवर दाखवते. कीजेननं दोन मूळ संख्या शोधल्या, प्रत्येकी साधारण ४६३ अंकी. त्यांचा गुणाकार केला, तो सव्वानऊशे अंकी. गुणाकार पब्लिक फाईलमध्ये, मूळ दोन संख्या प्रायव्हेटमध्ये. गुणाकार करायला तुमच्या कॉम्प्युटरला डोळ्याची पापणी लवेस्तोवरही वेळ लागत नाही. उलटं, गुणाकारावरून त्या दोन संख्या काढायच्या, तर जगजाहीर असलेला सगळ्यात मोठा पराक्रम फेब्रुवारी २०२० चा: २५० अंकी संख्या फोडली. किती खटपट? एका प्रोसेसर-कोरवर मोजली तर सुमारे २,७०० वर्षांची. तुमची संख्या सव्वानऊशे अंकी आहे, आणि अंक वाढतात तशी मेहनत सरळ चढत नाही, अंगावर येते. ईडी२५५१९ चं गणित वेगळं, पण एकेरी वाटेचं तत्त्व तेच.

आता झेरॉक्सवाला. ४६३ अंकी मूळ संख्या इतक्या आहेत की दोघांच्या हाती तीच लागायची भीती नाही. अट एकच, उचलताना हात खरोखर आंधळा हवा. कॉम्प्युटर यंत्र आहे, त्याला आंधळेपणा जमत नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सतत बारीकसारीक गोंधळ गोळा करत असते. कोणतं यंत्र नेमकं कधी मध्येच बोललं, असल्या गोष्टींचे सेकंदाचे सूक्ष्म तुकडे, शिवाय प्रोसेसरमधलं यादृच्छिक आकडे देणारं सर्किट. कीजेन त्यातलं मागून घेतं. तुमच्या स्वस्त कुलपांच्या खोक्यात नेमकं हेच बिघडलेलं असतं: कारखान्याकडे खाचांचे नमुनेच मोजके.

जुना पेंग्विन

मोजक्या खाचांवरून आठवलं. हे फक्त कुलपांत होत नाही हो. मे २००८. मी नुकता नोकरीला लागलेलो. १३ तारखेला डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी जाहीर केलं की सप्टेंबर २००६ पासून त्यांच्या ओपनएसएसएलमधून (किल्ल्या ज्याच्या आधारानं बनतात ते सॉफ्टवेअर) निघालेल्या किल्ल्या बिनकामाच्या आहेत. उबुंटू हे दुसरं लिनक्सही त्यावरच उभं, तेही आलं लपेट्यात.

कारण ऐका. कोड तपासणारी अवजारं एका ओळीवर कुरकुरत होती की ही न भरलेली मेमरी वाचतेय. डेबियनमध्ये ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यानं ती कुरकुर बंद करायला ओळ काढली, सोबत तशीच दिसणारी दुसरीही काढली. त्या दुसऱ्या ओळीतूनच सगळा गोंधळ आत ओतला जात होता. उरलं काय, तर प्रोसेसचा नंबर, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळणारा क्रमांक. तो ३२,७६८ च्या पुढं जात नाही. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या, एका जातीच्या मशीनवरच्या किल्ल्या अख्ख्या जगात मिळून जेमतेम ३२,७६८. लोकांनी त्या सगळ्या बनवून यादीच इंटरनेटवर ठेवली. छापखानेवाले, ठशावरून शिक्का म्हणता ना, इथं ठशाचीही गरज नव्हती. कपाटात सगळे शिक्के तयार, एकेक मारून बघायचा.

आम्ही चौघं दोन रात्री ऑफिसात होतो. साठेक सर्व्हर, प्रत्येकावर लॉगिन, जुन्या पब्लिक कींच्या ओळी काढा, नव्या घाला. पहाटे तीनला मी एका मशीनवर जुनी ओळ काढली आणि नवी घालायच्या आधी खिडकी बंद केली. ते मशीन दुसऱ्या गावातल्या गोदामात होतं. सकाळच्या एसटीनं गेलो. तेव्हापासून सवय आहे: नवी किल्ली चढवायची, दुसऱ्या खिडकीतून आत शिरून बघायचं, मगच जुनी काढायची.

पुट्टीवाला

एवढा व्याप कशाला? पुट्टीजेन उतरवा. खिडकी येते, बटण दाबा, रिकाम्या जागेत माऊस गोल गोल फिरवा, किल्ली तयार. आपल्या हातच्या हलण्यातून आलेली, त्यामुळे भरवसाही वाटतो. काळ्या खिडकीचं नावच काढू नका.

टर्मिनलताई

पुट्टीजेन चांगलंच आहे, मीही वापरलंय. पण ते पीपीके नावाची वेगळ्या घडणीची फाईल देतं, ती कमांडवाल्या एसएसएचला चालत नाही, परत रूपांतर करत बसावं लागतं. काकांचं रात्रीचं काम कमांडनंच होणार आहे. माऊस फिरवण्याची मजा सोडून द्यायची, दुसरं काय.

हो, रात्रीचं राहिलंच. रात्री दोनला पासफ्रेज टाइप करायला कोण उठणार? म्हणून दोन किल्ल्या करा. एक तुमची, पासफ्रेजवाली. दुसरी फक्त बॅकअपची, पासफ्रेज नसलेली, आणि सर्व्हरवाल्याला सांगा की या किल्लीला वेगळं खातं द्या, त्यातून फक्त फायली चढवता येतील, बाकी काही नाही. शिवाय रोजचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या फायलींची वेगळी नक्कल, तिकडं राहू दे. जी किल्ली फाईल चढवते ती त्याच नावानं रिकामी फाईलही चढवू शकते.

फ्रँकफुर्टकर

इकडून एक शंका. काका, पत्रिकांत लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात. सर्व्हर भाड्याचा. तिथल्या माणसाला त्या फायली सरळ वाचता येतील. एसएसएच रस्त्यातलं संरक्षण झालं, मुक्कामाचं नाही. पाठवायच्या आधीच फाईल कुलूपबंद करा.

त्यासाठी 'एज' नावाचं छोटं अवजार आहे, फिलिप्पो वालसोर्दा या इटालियन प्रोग्रॅमरनं केलेलं. तो उच्चार 'आगे' असा करतो. कमांड एज-कीजेन, डॅश ओ, आणि फाईलचं नाव. आत तीनच ओळी: तारीख, पब्लिक की, आणि मोठ्या अक्षरांतली प्रायव्हेट की. इथं शिक्क्याऐवजी पत्रपेटी डोळ्यासमोर आणा. पब्लिक कीनं फाईल आत टाकता येते, बाहेर काढायला प्रायव्हेटच लागते. म्हणजे दुकानाच्या कॉम्प्युटरवर प्रायव्हेट ठेवायची गरजच नाही.

पण सावध. एसएसएचची किल्ली हरवली तर नवी करायची, सर्व्हरवाल्याकडून ओळ बदलून घ्यायची, विषय संपला. ही हरवली तर फायली गेल्याच, तुमच्या त्या हार्ड डिस्कसारख्या. ही जपून ठेवावीच लागते.

मिरजेचा छापखाना

मंडळी, तीन दिवस लागले, पण झालं. क्रमानं सांगतो.

ईडी२५५१९ बनली. आधी हौसेनं डी ड्राइव्हवरच्या 'महत्त्वाचे' फोल्डरमध्ये ठेवली. एसएसएचनं मोठ्या अक्षरांत ओरडून सांगितलं की फाईलच्या परवानग्या फार उघड्या आहेत, मी ही वापरणार नाही. डी ड्राइव्हवरचं आमच्याकडच्या पोरांच्या लॉगिनलाही दिसतं, त्याचा राग. मुकाट्यानं परत तिच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवली, गप झालं. मी पाठवली ती या खेपेस पब्लिशरवाली! फोनवर पोरानं फिंगरप्रिंटची पहिली दहा अक्षरं वाचून दाखवली, मी इकडं ताडून बघितली. बॅकअपची वेगळी किल्लीही झाली. पहिल्या रात्री ९ जीबी गेले.

मग एज. तिसरी ओळ बघून मात्र माझ्यातला कंपोझिटर जागा झाला. मोजली, ७४ अक्षरं. ही तर छापण्यासारखी आहे. फ्रँकफुर्टकर, कागदावर ठेवली तर चालेल का? नंतर टाइप करताना ओ आणि शून्य, आय आणि एक यांचा घोळ नको, म्हणून विचारतो.

फ्रँकफुर्टकर

चालेल, आणि तुमचा घोळ त्यांनी आधीच मिटवलाय. सुरुवातीचं ठरलेलं नाव आणि त्यानंतरचा आकडा १ सोडला तर पुढं १, बी, आय, ओ ही चार चिन्हं वापरतच नाहीत. शून्य दिसलं तर ते शून्यच. शेवटची सहा अक्षरं पडताळणीची आहेत, एखादं अक्षर चुकलं तर किल्ली घेतच नाही. फक्त छापल्यावर कॉम्प्युटरवरची फाईल आणि प्रिंटरच्या रांगेतला जॉब दोन्ही पुसा.

मिरजेचा छापखाना

एक, बी, आय, ओ काढून टाकले! ज्यानं हे ठरवलं त्यानं आयुष्यात कधीतरी प्रूफं तपासली असणार.

छापली. साधा कागद मनाला पटेना, ३०० जीएसएमचं उरलेलं पत्रिकेचं कार्ड होतं, त्यावर. वर आधीच ॥ श्री गजानन प्रसन्न ॥ सोनेरीत छापलेलं होतं, ते तसंच राहिलं. खाली सहा-सहा अक्षरांचे गट पाडले, वाचायला बरं. दोन कार्डं. एक तिजोरीत, एक कोल्हापूरला बहिणीकडं. तिला म्हटलं हे कुणाला दाखवू नकोस. ती म्हणाली, तारीख न् मुहूर्त नसलेली पत्रिका दाखवून तरी काय करू?

आज दुपारी बायकोच्या लॅपटॉपवर चाचणी घेतली. गट जोडून कार्ड बघत टाइप केली. पहिल्यांदा नाकारली, एका गटात पाचच अक्षरं टाइप झाली होती. दुसऱ्यांदा घेतली. सर्व्हरवरून कुलूपबंद फाईल उतरवली, उघडली. मागच्या महिन्यातलं बिलबुक होतं, १०१ नंबरपासून, कार्बनच्या गुलाबी प्रतीसकट.